घोडे किती, पकड किती?

अकोला जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. वर उत्तरेकडे बोट सरकवत न्या. सातपुड्याचे डोंगर सुरू होण्याच्या थोडं अलीकडे एक गाव सापडेल – तेल्हारा. तालुक्याचं गाव. कापूस, तूर, सोयाबीनची वावरं. वावर म्हणजे शेत, बरं का! वऱ्हाडात शेताला वावरच म्हणतात. उत्तरेला गेलात तर वारी भैरवगडला वान नदीवरचं मोठं धरण, हनुमान सागर. त्याच्या पलीकडे मेळघाटचं जंगल.

तेल्हारा हे माझं माहेर. 2025 च्या पोळ्याला मी दोन्ही मुलांना घेऊन तिकडं गेले होते. थोरला आठवीत, धाकटी सहावीत. बैल सजवायचे, पुरणपोळ्या खायच्या, एवढाच बेत होता. पण झालं भलतंच. तीन दिवस आमच्या घरात एकाच प्रश्नावर भांडण पेटलं होतं. जुनी गाडी भारी की नवी?

त्याची सुरुवात अमरावतीतच झाली.

आम्ही अमरावतीला राहतो. मुलांचा मामेभाऊ नागपूरला नोकरी करतो. तो आम्हांला न्यायला आला तो नवी कोरी गाडी घेऊन. लाल रंगाची, चकचकीत. मुलं तर बघतच राहिली.

"दादा, हिचं इंजिन केवढं रे?" थोरल्यानं विचारलं.

"एक लिटर. पण टर्बो आहे. एकशे अठरा घोडे!"

धाकटीनं बॉनेटकडं असं पाहिलं, जणू आत खरोखरच घोडे बांधलेत.

दोस्तांनो, इंजिनाची ताकद घोड्यांत का मोजतात, ठाऊक आहे ना? जेम्स वॅट नावाच्या इंजिनिअरला आपली वाफेची इंजिनं विकायची होती. त्या वेळी खाणींत आणि गिरण्यांत घोडे राबत. आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून त्यानं हे माप काढलं. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण 746 वॅट. वाफेचा जमाना गेला, खाणीतले घोडे गेले, पण माप राहिलं.

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 मोठा नामी आहे. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर एक जागतिक विक्रम झाला. अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना या पट्ट्यात 75 किलोमीटरचा एकेरी डांबरी थर कामगारांनी आणि इंजिनिअरांनी न थांबता 105 तास 33 मिनिटांत अंथरला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अशा रस्त्यावर दादाची गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली होती. शंभरचा वेग, पण आत आवाज नाही, हिसका नाही.

"बघितलंस आत्या?" दादा म्हणाला, "आता घरी गेल्यावर बाबांना सांग. ते जुनं धूड विका म्हणावं."

मी गप्प बसले. कारण ते 'धूड' म्हणजे आमच्या आबांची गाडी होती.

अकोल्याहून अकोटकडे निघालं, की गांधीग्रामजवळ पूर्णा नदी लागते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. इथल्या विहिरींचं पाणी चक्क खारट असतं. जमीन मात्र काळी कसदार. पुढं अकोट आलं, संत्र्याच्या आणि केळीच्या बागा आल्या, पानपिंपळीचे वेल आले. रस्ता कुठं चांगला, कुठं खड्ड्यांचा. दादाचा वेग शंभरावरून चाळिसावर आला. एकशे अठरा घोडे मुकाट चालायला लागले.

घरी पोचलो तेव्हा मामा अंगणात बैलांचे खांदे शेकत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात. वर्षभर जू वाहिलेले खांदे ते! आणि उद्या जेवायला या, असं बैलांना रीतसर आवतण देतात.

कोठ्याच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये ती उभी होती. पांढरी, लांबलचक, समोर चार गोल दिवे. काँटेसा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी काँटेसा पाहिली नसेल. आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. अँबॅसिडर तयार करणाऱ्या हिंदुस्थान मोटर्स कंपनीची ही गाडी. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला तयार व्हायची. तिचा मूळ आराखडा ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीचा. 1980 च्या दशकात ती आपल्या रस्त्यांवर आली. सुरुवातीला तिला दीड लिटरचं, जेमतेम पन्नास घोड्यांचं इंजिन होतं. एवढी मोठी गाडी आणि एवढं लहान इंजिन! पुढं जपानच्या इसुझू कंपनीचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आलं. त्याचे अठ्ठ्याऐंशी घोडे. फियाट आणि अँबॅसिडरच्या त्या काळात ही मोठी मिजास होती. सिनेमातले खलनायक हीच गाडी वापरत! 2002 मध्ये तिचं उत्पादन बंद झालं.

आमची गाडी 1995 ची. आबांनी ती 1998 मध्ये अकोल्याहून जुनीच घेतली होती. माझी सासरी पाठवणी याच गाडीतून झाली. पुढं एका रात्री आईला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि हीच गाडी होती.

आता आबा नाहीत. गाडी मामांकडे आहे. आणि तिच्यापुढं मोठाच प्रश्न उभा होता. आपल्या देशात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. 1995 च्या गाडीची मुदत 2010, 2015, 2020 अशी वाढत आली होती. 2025 संपायच्या आत पुन्हा तपासणी करायची, नाहीतर भंगारात द्यायची. 2021 मध्ये सरकारनं 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम केले खरे, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आमची पडली तिशीची. धड तरुण नाही, धड पुराणवस्तू नाही!

रात्री जेवणाला वांग्याची भाजी आणि रोडगे होते. जेवताना बाप-लेकाची जुंपली.

"बाबा, सरळ भंगारात द्या. किती खर्च करणार तिच्यावर?"

"तुह्या गाडीचं इंजन केवढं? एक लिटर! पाण्याच्या बाटलीएवढं!" मामा म्हणाले. "काँटेसाचं पावणेदोन लिटरच्या वर हाय. लोखंड हाय लोखंड!"

"पण घोडे बघा ना. तुमचे अठ्ठ्याऐंशी, माझे एकशे अठरा."

"असं कसं?" थोरला मध्येच बोलला. "लहान इंजिनात जास्त घोडे कसे मावतात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दादानं ताटात बोटानं आकृती काढून समजावलं. इंजिनात पेट्रोल जळायला हवा लागते. जितकी हवा जास्त, तितकं पेट्रोल जास्त जाळता येतं. जुन्या इंजिनात जेवढी हवा आपोआप ओढली जाईल तेवढीच. टर्बोमध्ये काय करतात, तर धुराच्या जोरानं एक छोटं चक्र फिरवतात. ते चक्र बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात भरतं. शिवाय कुठल्या क्षणी किती थेंब पेट्रोल सोडायचं, हे छोटा संगणक ठरवतो. जुन्या गाडीत हे काम कार्बुरेटर करायचा, अंदाजानं.

मग दादा अमेरिकेत पोचला. तिकडं जुन्या-नव्याचा हा वाद फार रंगतो. 1964 साली पाँटिअॅक कंपनीनं जीटीओ नावाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्ठं इंजिन बसवलं. आठ सिलिंडर, 6.4 लिटर, 325 घोडे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात झळकली. अशा दांडग्या गाड्यांना तिकडं 'मसल कार' म्हणू लागले. मसल म्हणजे स्नायू. पहिलवान गाड्याच म्हणा ना! 1973 मध्ये तेलाची टंचाई आली आणि या पहिलवानांचा खुराक महाग झाला. पण वंश संपला नाही. 2016 मध्ये फोर्डनं मस्टँग आपल्याकडे विकायला आणली, तेव्हा तिच्या पाच लिटरच्या इंजिनाचे घोडे होते चारशेच्या आसपास. आणि 2023 मध्ये डॉज कंपनीनं डीमन नावाची गाडी काढली, तिचे घोडे एक हजार पंचवीस!

"एक हजार पंचवीस?" धाकटीचा घास तोंडातच राहिला.

थोरल्यानं मात्र वहीचं मागचं पान काढलं. त्याला गणिताचा नाद आहे. त्यानं एका लिटरमागे किती घोडे, हे काढलं. जुनी जीटीओ, साधारण एकावन्न. आमची काँटेसा, एकोणपन्नास. दादाची गाडी, एकशे अठरा.

"म्हणजे मामा, तुमची काँटेसा आणि अमेरिकेची जीटीओ लिटरमागे जवळजवळ सारख्याच!"

मामांची कळी खुलली. "पाह्य! मी काय म्हनत होतो?"

पण त्यात एक गोम आहे, दोस्तांनो. 1960 च्या दशकात अमेरिकेत इंजिनाची ताकद मोजताना ते गाडीबाहेर काढून, सायलेन्सर, पंखा अशी ओझी न लावता मोजत. जसा शर्यतीतला पोरगा दप्तर न घेता पळतो, तसं. 1972 पासून सगळी ओझी लावून मोजायची पद्धत आली आणि कागदावरचे घोडे एकदम कमी दिसू लागले. म्हणून जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी तुलना करताना आधी विचारायचं, मोजलं कसं होतं?

दुसऱ्या दिवशी पोळा.

सकाळी बैलांना धुतलं, शिंगं रंगवली, बेगड लावली, पाठीवर झुली घातल्या. दुपारी मामा म्हणाले, "वावरात नैवेद्य दाखवून येऊ." मामा काँटेसात, आम्ही दादाच्या गाडीत. वावराकडे जायला डांबरी सडक सोडून पांदण धरावी लागते. पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधून जाणारी कच्ची वाट. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मामांनी काँटेसा सडकेच्या कडेला लावली आणि चप्पल हातात घेऊन चालू लागले.

"बाबा, बसा ना माझ्या गाडीत!"

"नोको. मी चालत येतो. तू बी येऊ नोको तिकडं. लय गारा हाय." गारा म्हणजे चिखल.

दादा हसला. "एकशे अठरा घोडे आहेत, बाबा!"

आणि गाडी पांदणीत शिरली. वीस पावलं गेली असेल नसेल, सूं सूं करत पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. दादानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. चाकं आणखी जोरात फिरली. चिखलाचे फवारे उडाले, काचा काळ्या झाल्या, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली गेली. अर्धं चाक मातीत!

वऱ्हाडातली काळी माती म्हणजे मोठी अजब चीज. तिच्यात फार बारीक चिकणमाती असते. पाणी प्यायली की ती फुगते, आणि वाळली की आकसून भेगा पडतात. उन्हाळ्यात या भेगांत हात घाला, जाईल. म्हणून तर इथले रस्ते सारखे खचतात. ओल्या मातीचा गाळ टायरच्या खाचांत भरला, की खाचांचा उपयोग संपतो. टायर गुळगुळीत होतो. मग तुमचे घोडे शंभर असोत की हजार, सगळे जागच्या जागी नाचतात.

"बैल आणू का मामा?" थोरला म्हणाला. "आपल्या जोडीनं ओढून काढू!"

मामा एकदम गंभीर झाले. "आज पोया हाय, बेटा. आज त्यांच्या मानेवर जू ठेवत नसतात. वर्षातून एक दिवस त्यांचा असतो. गाडी फसली त आपली चूक. त्यांची सुट्टी काहून मोडायची?"

कुणी काही बोललं नाही. मला आबांची आठवण झाली. तेही हेच म्हणाले असते.

मग गावातले मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे काका. अंगावर सणाचा नवा सदरा, पण आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"इंजन बंद करा आधी. जोर कमी नाही पडून राह्यला, पकड कमी पडून राह्यली."

त्यांनी चाकांपुढचा चिखल फावड्यानं काढायला लावला. पुढच्या टायरमधली थोडी हवा सोडली.

"काका, हवा का सोडली?" धाकटी.

"ऊंटाचा पाय पाह्यला का तू? रेतीत पसरते का नाही? तसा टायर पसरला की जास्त जमीन धरते."

मग मामांनी धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्या आणल्या. कापूस वेचून झाला की जी वाळकी झाडं उरतात, त्या पऱ्हाट्या. चुलीत जाळायला ठेवतात. मिस्त्रींनी त्या चाकांखाली, उंदराला बिळात कोंबावं तशा कोंबल्या. दादाला सांगितलं, "दुसरा गिअर टाका. हळू. कोंबडीचं अंडं पायाखाली हाय असं समजून दाबा." आम्ही मागून ढकललं. गाडी किंचित थरथरली, पऱ्हाट्या कडकड मोडल्या, आणि अलगद, अगदी अलगद, ती पुढच्या घट्ट जमिनीवर सरकली.

दुसरा गिअर का, हेही मिस्त्रींनी सांगितलं. पहिल्या गिअरमध्ये चाकाला जोर जास्त मिळतो. जिथं पकड कमी, तिथं जास्त जोर म्हणजे चाक नुसतं फिरणार. म्हणून जोर कमी करायचा.

जोर कमी केला आणि गाडी निघाली! थोरल्यानं हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. दादानं परतताना टायरमध्ये पुन्हा नीट हवा भरली. कमी हवेवर सडकेवर जोरात जाणं धोक्याचं असतं. त्या संध्याकाळी तो फारसा बोलला नाही. तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या झाल्या, पोळा फुटला. आमची जोडी घरी आली तेव्हा मामींनी त्यांचे पाय धुतले आणि पुरणपोळी भरवली. दादा बैलाच्या मानेवर बराच वेळ हात फिरवत उभा होता. बैलांची अख्खी जोडी मिळून ताकद जेमतेम एका अश्वशक्तीच्या आसपास. पण त्यांचे खूर मातीत रुततात आणि धरतात. पकड आहे ना!

तुम्हांला वाटेल, जुनी गाडी जिंकली. नाही. गोष्ट अजून संपली नाही.

तिसऱ्या दिवशी मामा खुशीत होते. "आता सांगा, कोन भारी?"

तेव्हा धाकटी म्हणाली, "मामा, पण काँटेसा चिखलात गेलीच नाही. मग ती जिंकली कशी? आपण नीट परीक्षा घेऊ."

परीक्षा कसली, तर थांबण्याची. गाडी पळते किती, हे सगळेच विचारतात. थांबते किती अंतरात, हे कोण विचारतं?

मामांच्या ओळखीच्या एका जिनिंगचं आवार होतं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापसाचा हंगाम नव्हता, त्यामुळं आवार रिकामं होतं. सिमेंटची लांबरुंद मोकळी जागा, फाटक बंद. मुलांना मी ओट्यावर, लांब उभं केलं. मिस्त्रींनी खडूनं रेघ मारली. वेग ताशी 40 किलोमीटर, रेघेवर आलं की पूर्ण ब्रेक. गाडी थांबली की टेपनं मोजायचं. प्रत्येकाला तीन संधी.

दादाची नवी गाडी: आठ ते साडेआठ मीटर.

काँटेसा: पावणेबारा ते साडेबारा मीटर. शिवाय चाकं अडकून गाडी थोडी तिरकी घसरली आणि सिमेंटवर दोन काळे पट्टे उमटले.

मामांचा चेहरा पडला.

नवी गाडी लवकर का थांबली? तिच्यात एबीएस आहे. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं आहे. जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी थांबत नाही, ती घसरत राहते. घसरणाऱ्या चाकाची पकड कमी, आणि ते वळवताही येत नाही. एबीएस चाकाला अडकू देत नाही. सेकंदाला अनेक वेळा ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, धरतं. आपला पाय इतका चपळ नाही.

"पण एवढा फरक?" मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "चार मीटर लय झाले."

धाकटी काँटेसाच्या चाकाजवळ बसली होती. "काका, टायरवर हे काय लिहिलंय? 1814?"

मिस्त्री वाकले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, हे पाह्यलंच नाही आपन."

दोस्तांनो, प्रत्येक टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. 1814 म्हणजे 2014 सालचा अठरावा आठवडा. टायर अकरा वर्षांचे! गाडी फारशी फिरत नाही, म्हणून खाचा अगदी नव्यासारख्या दिसत होत्या. पण रबर नुसतं झिजत नाही, ते म्हातारंही होतं. ऊन, हवा लागून कडक होतं. कडक रबर रस्त्याला धरत नाही. खोडरबर जुनं झालं की कागदावर नुसतं घसरतं, तसंच.

मामा शेजारच्या ओट्यावर बसले. "मागल्या महिन्यात याच गाडीतून मी बायकोले घेऊन शेगावले गेलो होतो," एवढंच म्हणाले.

थोरल्यानं वहीत आणखी एक हिशोब मांडला. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर दुप्पट नाही, चौपट लागतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी 50 च्या वेगाला ब्रेक लावल्यापासून साधारण 14 मीटर लागत असतील, तर 100 ला 55 मीटर. आणि ब्रेक दाबायचा हे डोक्यात येऊन पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात 50 च्या वेगाला गाडी 14 मीटर गेलेली असते, 100 ला 28 मीटर. बेरीज करा. 28 मीटर आणि 83 मीटर. पावसात यापेक्षाही जास्त. हा नियम नव्या गाडीलाही चुकत नाही. एबीएस असो नसो, घोडे कितीही असोत.

"म्हणजे दादा," थोरला म्हणाला, "परवा तू शंभरनं येत होतास, तेव्हा आपल्याला थांबायला ऐंशी मीटर लागले असते?"

दादानं मान हलवली. त्याला पांदण आठवली असावी.

सातपुडा ओलांडून निमाड पार केलं, की इंदूरजवळ पिथमपूर लागतं. तिथं 'नॅट्रॅक्स' नावाचं गाड्यांच्या परीक्षेचं मोठं केंद्र आहे. 2021 च्या जूनमध्ये तिथल्या 11.3 किलोमीटरच्या लंबगोल वेगवान रस्त्याचं उद्घाटन झालं. तिथं गाड्या अतिवेगात पळवून बघतात. पण त्याच केंद्रात ब्रेकच्या परीक्षेसाठी, ओल्या निसरड्या पृष्ठभागासाठी वेगळे रस्ते आहेत. वेगाची परीक्षा घेणारी माणसंही थांबण्याची परीक्षा घेतात, तशीच आमच्या मुलांनी तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये घेतली. एक खडू, एक टेप, आणि एक प्रश्न.

निघायच्या दिवशी मी मामांना विचारलं, "भाऊ, मग काय ठरवलं? भंगार?"

मामा शेडमध्ये गेले. काँटेसाच्या बॉनेटवरची धूळ पंचानं पुसली. म्हणाले, "आधी टायर बदलतो. ब्रेक उघडून पाहतो. मागच्या सीटले पट्टे बसवतो. मंग तपासनीले नेतो. पास झाली त ठेवतो, पन पन्नासच्या वर नेनार नाही. नापास झाली त..." थोडं थांबले. "त जाऊ देईन. आबा असते त त्यांनीबी हेच केलं असतं. गाडीपेक्षा मानूस मोठा."

दादा पुढं आला. "बाबा, टायरचे पैसे मी देतो."

गेले तीन दिवस भांडणारे बाप-लेक एकमेकांकडं बघून हसले. परतीच्या वाटेवर दादाचा वेग ऐंशीच्या वर गेला नाही. रस्ता तोच होता, विक्रमाचा.

दिवाळीच्या आधी मामांचा फोन आला. धाकटीलाच बोलवा म्हणाले. काँटेसा तपासणीत पास झाली होती. आणि नवे टायर, साफ केलेले ब्रेक घालून त्यांनी आणि मिस्त्रींनी जिनिंगच्या आवारात पुन्हा तीच परीक्षा घेतली होती. तीच रेघ, तोच वेग.

"किती आलं मामा?"

"साडेनऊ मीटर!"

धाकटीनं फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: काँटेसा, अठ्ठ्याऐंशी घोडे, साडेनऊ मीटर. खाली दादाचं नाव, एकशे अठरा घोडे, सव्वाआठ मीटर. मग तिनं विचार करून 'घोडे' हा रकाना खोडला नाही, पण 'मीटर' हा रकाना त्याच्या आधी आणून लिहिला.

आता एक काम तुमच्यासाठी. अठरा वर्षं पुरी होऊन लायसन मिळेपर्यंत गाडी चालवायची नाही, हे तुम्हांला माहीत आहेच. पण टायरवरचे चार आकडे वाचायला लायसन लागत नाही! आज संध्याकाळी घरची मोटार किंवा स्कूटर बंद उभी असताना, आईबाबांना बरोबर घेऊन, टायरवरचे ते आकडे शोधा. कधी कधी ते टायरच्या आतल्या अंगाला असतात, तेव्हा बॅटरी लागेल. कितवा आठवडा, कुठलं वर्ष, ते त्यांना सांगा. खाचांत गाळ, खडे अडकलेत का, तेही पाहा.

मोठी माणसं घोडे मोजतात. तुम्ही पकड मोजा.